वर्गकार्य म्हणून मराठी विकिपीडियावर लिहिणारे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या महाविद्यालयात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा झाली, की पुढचे काही आठवडे शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न येत राहतात. त्यांतले बरेचसे दरवर्षी तेच असतात, म्हणून ते येथे उत्तरांसह एकत्र दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गुंतलेला असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विकिपीडियावर लिहिणे हा अभ्यासक्रमाचा भाग कसा काय होऊ शकतो?

होऊ शकतो आणि अनेक देशांत तो झालेला आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत २०१० मध्ये सार्वजनिक धोरणाच्या विषयांपासून याची पद्धतशीर सुरुवात झाली. निबंध लिहून तो केवळ शिक्षकाला दाखवण्याऐवजी विद्यार्थी एखाद्या विषयाचे प्रकाशित साहित्य शोधतो, ते वाचतो, त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत ज्ञानकोशात लिहितो आणि प्रत्येक विधानाला संदर्भ जोडतो, असे या कामाचे स्वरूप असते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यावर नव्वद हजारांहून अधिक लेख असले, तरी त्यांतले पुष्कळ दोन-चार ओळींचे आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांना करण्यासारखे काम भरपूर आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) तीस तास धरले जातात. दोन श्रेयांकांचे साठ तास मिळाले, तर एका विद्यार्थ्याकडून एक लेख नीट होतो. दहा लेख होत नाहीत आणि तशी अपेक्षाही धरू नये.

२. शिक्षकाला स्वतःला संपादन यायलाच हवे का? तज्ज्ञाला एक दिवस बोलावून चालणार नाही का?

यायलाच हवे. या पानावरचे एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर ते हे असावे. पाहुणा कार्यकर्ता दोन तासांत खाते कसे काढायचे आणि कळ कोठे दाबायची हे दाखवून जातो. विद्यार्थ्यांचे खरे प्रश्न त्यानंतर चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पहिले संपादन कोणीतरी उलटवल्यावर, म्हणजे रद्द करून आधीचा मजकूर परत आणल्यावर, सुरू होतात आणि तेव्हा वर्गात फक्त शिक्षक असतात. तेव्हा सत्र सुरू होण्यापूर्वी किमान महिनाभर तरी शिक्षकांनी स्वतःच्या खात्यातून काम करावे. आपल्या विषयातील पाच लेखांना संदर्भ जोडावेत, एखादा परिच्छेद नव्याने लिहावा, कोणी आक्षेप घेतल्यास लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर उत्तर द्यावे. हे ज्यांनी केले आहे, त्यांच्या वर्गातील काम आणि ज्यांनी केलेले नाही त्यांच्या वर्गातील काम यांतला फरक लेख उघडताक्षणी दिसतो. ज्या शिक्षकाला संदर्भ शोधताना स्वतः अर्धा दिवस घालवावा लागला आहे, तो विद्यार्थ्याला एका रात्रीत लेख पूर्ण करायला सांगत नाही.

३. खाती कशी काढावीत? रोल नंबर सदस्यनावात घातला तर आम्हाला तपासायला सोपे जाईल.

रोल नंबर, मोबाइल क्रमांक, जन्मवर्ष किंवा महाविद्यालयाचे नाव सदस्यनावात घालू नये. विकिपीडियावरचे प्रत्येक संपादन त्या नावासह कायम जाहीर राहते आणि विद्यार्थ्याची ओळख शोधणाऱ्याला रोल नंबर पुरेसा असतो. कोणते सदस्यनाव कोणाचे याची यादी शिक्षकांनी स्वतःच्या वहीत ठेवावी, ती विकिपीडियावर टाकू नये. खरे नाव वापरण्याची सक्तीही करू नये. एक खाते एकाच व्यक्तीचे असते, त्यामुळे ‘गट अ’ अशा नावाचे सामायिक खाते चालत नाही. गटाने काम करायचे असल्यास प्रश्न १४ पाहावा.

येथे एक तांत्रिक अडचण नेहमी येते. एकाच इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच खाती काढता येतात. संगणक प्रयोगशाळेत चाळीस विद्यार्थी बसले, की सातव्या विद्यार्थ्यापासून नकार येऊ लागतो आणि कार्यशाळेचा पहिला तास तेथेच जातो. म्हणून खाती आदल्या आठवड्यात आपापल्या घरून, मोबाइलच्या जोडणीवरून काढायला सांगावे. तेही शक्य नसेल, तर कार्यक्रमाच्या काही दिवस आधी चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, कळवून अनुभवी सदस्यांकडून सवलत मिळवून घ्यावी.

४. आमच्याकडे मजकूर टाइप केलेला तयार आहे, पण विकिपीडियावर चिकटवला की भलतीच अक्षरे दिसतात. असे का होते?

तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. त्या पद्धतीत संगणकात रोमन अक्षरेच साठवली जातात आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. विकिपीडियाला युनिकोड मजकूर लागतो. जुना मजकूर रूपांतर करून वापरता येतो, पण रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार एकेक करून तपासावे लागतात. नव्याने टाइप करणाऱ्यांना विकिपीडियाच्या लेखनचौकटीतच लिप्यंतर किंवा इनस्क्रिप्ट निवडता येते आणि कंट्रोल व एम या कळा एकत्र दाबून ते चालू-बंद करता येते.

एक बारकावा लेखाच्या नावाबाबत आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवले जाऊ शकते : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारा लेख शोधात सापडला नाही म्हणून विद्यार्थी नवा लेख सुरू करतो आणि एकाच विषयाचे दोन लेख तयार होतात. अशा नावांसाठी शोध दोन्ही प्रकारे घ्यावा.

५. थेट लेखातच लिहावे की धूळपाटीवर?

पहिला मसुदा स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे आपल्या खात्याच्या सरावाच्या पानावर, लिहावा. तेथे चुका झाल्या तरी वाचकाचे नुकसान होत नाही आणि शिक्षकालाही वेळ मिळतो. मात्र संपूर्ण सत्र धूळपाटीवरच घालवून शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मजकूर लेखांत ओतणे ही फार वाईट पद्धत आहे, कारण मग सूचना करायला इतर संपादकांना आणि त्या अमलात आणायला विद्यार्थ्यांना वेळच उरत नाही. सत्राच्या मध्यावर मजकूर लेखात गेला पाहिजे. लेखावर काम चालू असताना वर ‘कामचालू’ साचा (तयार सूचनाफलक) लावावा, म्हणजे इतरांना घाई न करण्याची सूचना मिळते. काम संपल्यावर तो काढावाही.

६. विषय कसा निवडावा? नवा लेख लिहिला तरच मोठे काम केले असे होईल ना?

तसे नाही. नवा लेख लिहिणे हे सर्वांत अवघड काम आहे आणि ते नवशिक्याला प्रथम देणे अन्यायाचे आहे. नव्या लेखाचा विषय आधी उल्लेखनीय ठरावा लागतो, म्हणजे त्याच्याशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी त्याविषयी सविस्तर लिहिलेले असावे लागते. याउलट आधीच असलेल्या तुटपुंज्या लेखात हा प्रश्न बहुधा सुटलेला असतो आणि विद्यार्थ्याला सगळे लक्ष वाचनावर व लेखनावर देता येते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने सह्याद्रीतील एखाद्या वृक्षाचा चार ओळींचा लेख वाढवावा, अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने एखाद्या संकल्पनेचा विस्कळीत लेख नीट करावा, हे काम वाचकाला अधिक उपयोगी पडते.

विषय निश्चित करण्याची आमची कसोटी साधी आहे : निवडलेल्या विषयावर विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून तीन प्रकाशित स्रोत आणून टेबलावर ठेवावेत. तीन मिळाले तर विषय पक्का, नाही मिळाले तर विषय बदलावा. आधी लेख लिहून मग संदर्भ शोधायला निघालेला विद्यार्थी शेवटी मिळेल ते संकेतस्थळ चिकटवतो, आणि वर्गकार्यातील बहुतेक कमकुवत लेख याच उलट्या क्रमामुळे तयार होतात. दोन विद्यार्थ्यांनी तोच लेख घेऊ नये, यासाठी यादी सुरुवातीलाच करावी.

७. मला माझ्या गावावर लिहायचे आहे. ते चालेल का?

चालेल. अधिकृतरीत्या नोंद असलेली वस्ती उल्लेखनीय मानण्याकडे विकिपीडियाचा कल आहे. अडचण असते ती लेखनाची. गावाच्या लेखांत एक वाक्य आम्हाला सतत भेटते : “आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून येथील लोक प्रेमळ व कष्टाळू आहेत.” हे वाक्य प्रेमाने लिहिलेले असते, पण ते कोणत्याही गावाला लागू पडते आणि पडताळून पाहता येत नाही, म्हणून ते काढले जाते.

एका विद्यार्थिनीच्या मसुद्यात अशी सात वाक्ये होती आणि त्यांच्यामध्ये एक आठवे वाक्य होते : गावाबाहेर जुनी बारव आहे. आम्ही तिला त्या आठव्या वाक्यावर काम करायला सांगितले. तिने जिल्ह्याचे गॅझेटियर काढले, त्यात बारवेचा उल्लेख सापडला. मग २०११ च्या जनगणनेतून लोकसंख्या व क्षेत्रफळ घेतले, तालुक्याच्या ठिकाणापासूनचे अंतर घेतले आणि बारवेचे छायाचित्र स्वतः काढून चढवले. सहा वाक्यांचा लेख झाला, पण त्यातले प्रत्येक वाक्य आज टिकून आहे. जुन्या ब्रिटिशकालीन गॅझेटियरमधील माहिती वापरताना ती कोणत्या काळाची आहे हे वाक्यातच सांगावे. एकोणिसाव्या शतकातील बाजारपेठेचे वर्णन आजच्या गावाचे म्हणून देऊ नये.

८. संदर्भ म्हणून काय चालते आणि काय चालत नाही?

नामांकित प्रकाशनांची पुस्तके, संशोधन नियतकालिकांतील लेख, कोश, शासकीय अहवाल आणि संपादकीय तपासणी असलेली वर्तमानपत्रे चालतात. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधसंग्रहावरचे पीएच.डी.चे प्रबंध जपून वापरता येतात. ब्लॉग, समाजमाध्यमांवरील नोंदी, स्पर्धा परीक्षांच्या नोट्सची संकेतस्थळे आणि लेखकाचे नावच नसलेली माहितीपाने चालत नाहीत. वर्तमानपत्रातील जाहिरातवजा पुरवण्या आणि वाढदिवसाचे विशेष लेख हेही स्वतंत्र स्रोत ठरत नाहीत. विकिपीडियाचा दुसरा लेख हा विकिपीडियासाठी संदर्भ होऊ शकत नाही. त्या लेखात दिलेला मूळ स्रोत स्वतः उघडून, वाचून मगच तो द्यावा.

स्रोत मराठीतच असला पाहिजे असा नियम नाही. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकही चालते, तसेच महाजालावर नसलेले छापील पुस्तकही चालते. पुस्तकाचा संदर्भ देताना पृष्ठक्रमांक अवश्य द्यावा. पाचशे पानांच्या ग्रंथाचे नुसते नाव दिले, तर तपासणाऱ्याला काहीच तपासता येत नाही.

९. मराठी विश्वकोशातील नोंद घेतली तर? तो तर शासनाचा आणि महाजालावर मोफत आहे.

मोफत वाचायला मिळणे आणि उतरवून घेण्याची मुभा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी विश्वकोश हा उत्तम संदर्भ आहे, तो वाचून स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि नोंदीचा हवाला द्यावा, पण नोंद उतरवू नये. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची गोष्ट निराळी आहे. केतकर १९३७ साली निवर्तले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार (कॉपीराइट) संपतो, त्यामुळे तो मजकूर आता सार्वजनिक अधिक्षेत्रात आहे, म्हणजे कोणालाही मुक्तपणे वापरता येतो. तरीही तो जसाच्या तसा घातल्यास लेख शंभर वर्षे मागे जातो, आणि मूळ ग्रंथाचे ऋण नोंदवणे आवश्यक असतेच.

शब्द इकडचे तिकडे करणे म्हणजे स्वतःच्या शब्दांत लिहिणे नव्हे. ‘मृत्यू’च्या जागी ‘निधन’ आणि ‘प्रसिद्ध’च्या जागी ‘ख्यातनाम’ घातले, तरी वाक्यांचा क्रम व रचना तीच राहिली तर ती नक्कलच असते. पुस्तक बंद करून, पाच मिनिटे थांबून, समजले ते लिहिणे आणि मग पुस्तक उघडून तपासणे हा यावरचा आम्हाला माहीत असलेला एकमेव खात्रीचा उपाय आहे.

हा मुद्दा आम्ही इतका लावून धरतो, त्याला कारण आहे. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लिहून घेण्याचा मोठा प्रायोगिक प्रकल्प विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने चालवला. विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती, मार्गदर्शन पुरे पडले नाही आणि उतरवलेला मजकूर इतक्या प्रमाणात आला, की स्वयंसेवकांना तो काढता काढता नाकी नऊ आले. त्याच वर्षी तो प्रकल्प थांबवावा लागला. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना आपण काही चूक करत आहोत याची कल्पनाच नव्हती, कारण शाळेपासून त्यांना कोणी ते शिकवलेच नव्हते. वर्गकार्याच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवणे म्हणूनच अटळ आहे.

१०. इंग्रजी विकिपीडियावरील लेखाचे भाषांतर केले तर ती नक्कल ठरते का?

विकिपीडियावरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली असतो, म्हणून त्याचे भाषांतर करता येते. अट अशी, की मूळ लेखाचा उल्लेख दुव्यासह संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत, करावा. विकिपीडियाचे भाषांतर साधन वापरल्यास ही नोंद आपोआप होते. मात्र साधनाने दिलेले यांत्रिक भाषांतर तसेच प्रकाशित करू नये. “हे लेखकाद्वारे लिहिले गेले आहे” अशा वाक्यांनी भरलेला लेख मराठी वाचक पहिल्या परिच्छेदातच सोडून देतो. मूळ लेखातील संदर्भही न वाचता पुढे ढकलू नयेत. किमान महत्त्वाच्या विधानांचे स्रोत उघडून पाहावेत.

इंग्रजी वर्तमानपत्राच्या, पुस्तकाच्या किंवा इतर संकेतस्थळाच्या मजकुराचे भाषांतर करून टाकणे हे मात्र प्रताधिकाराचे उल्लंघन आहे. “भाषांतर मी केले, म्हणजे ते माझे” हा समज विद्यार्थ्यांत इतका पसरलेला आहे, की तो वर्गात स्पष्ट शब्दांत खोडून काढावा लागतो.

११. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून मसुदा लिहून घेतला तर?

घेऊ नये. ही साधने सफाईदार वाक्ये देतात आणि त्यांबरोबर अस्तित्वातच नसलेली पुस्तके, न झालेली प्रकाशने आणि चुकीची पृष्ठेही देतात. तपासणाऱ्या संपादकाला असा एक खोटा संदर्भ सापडला, की तो त्या विद्यार्थ्याचे सगळे काम संशयाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये, माणसाने न तपासता टाकलेली अशी यंत्रलिखित पाने चर्चेशिवाय तातडीने वगळण्याचा निकषच स्वीकारला. स्वतः लिहिलेल्या वाक्याचे शुद्धलेखन तपासून घेण्यास आमचा विरोध नाही. शिक्षकांनी तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारावा : “हा संदर्भ दाखवा आणि त्यातले हे वाक्य कोठे आहे ते सांगा.”

१२. माझ्या प्रकल्पासाठी मी गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या आहेत. हे नवे ज्ञान विकिपीडियावर का चालत नाही?

विकिपीडिया आधी प्रकाशित झालेल्या ज्ञानाचा सारांश देतो, नवे संशोधन प्रथम प्रसिद्ध करण्याची ती जागा नाही. मुलाखती कितीही प्रामाणिकपणे घेतलेल्या असल्या, तरी दूरच्या वाचकाला त्या पडताळता येत नाहीत. हा नियम विशेषतः लोकपरंपरांच्या बाबतीत बोचतो, कारण आपल्याकडचे कितीतरी ज्ञान आजही तोंडीच आहे, आणि आजीकडून ऐकलेली गोष्ट खरी असूनही ती लेखात घेता येत नाही, हे विद्यार्थ्याला सांगताना आम्हालाही वाईट वाटते.

मार्ग मात्र असतात. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतील बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असतो, त्यामुळे ओव्यांविषयी लिहिणाऱ्याला प्रकाशित स्रोत उपलब्ध आहे. तुमच्या विषयावर असे काही आहे का, हे आधी शोधावे. नसेल, तर आपले काम एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध करावे. त्यानंतरही ते स्वतः लेखात घालण्याऐवजी चर्चा पानावर सुचवणे उचित. गीतांचे ध्वनिमुद्रण गाणाऱ्यांच्या संमतीने विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्र-ध्वनिसंग्रहावर चढवता येते, परंतु रचना पारंपरिक असली पाहिजे.

१३. माझे संपादन कोणीतरी उलटवले. आता काय करू?

प्रथम ‘इतिहास’ उघडून उलटवणाऱ्याने सारांशात काय लिहिले आहे ते वाचावे, नंतर लेखाचे चर्चा पान आणि स्वतःचे चर्चा पान पाहावे. बहुतेक वेळा कारण तेथे असते : संदर्भ नाही, मजकूर उतरवलेला आहे, भाषा प्रचारकी आहे. कारण पटले तर सुधारणा करून मजकूर पुन्हा घालावा. पटले नाही किंवा सापडलेच नाही, तर चर्चा पानावर नम्रपणे विचारावे व दोन-तीन दिवस वाट पाहावी. येथे सगळे स्वयंसेवक आहेत. तोच मजकूर पुन्हा पुन्हा घालत बसू नये. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा इतरांची संपादने उलटवणाऱ्याचे खाते रोखले जाऊ शकते. मराठीवर वातावरण थोडे निवांत असले, तरी शिस्त तीच आहे.

पानावर ‘पानकाढा’ साचा लागला असेल, तर तो गुपचूप काढून टाकू नये. चर्चा पानावर बाजू मांडावी. पान वगळले गेलेच, तर प्रचालकांना (पाने वगळण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना) विनंती केल्यास मजकूर, उतरवलेला नसेल तर, धूळपाटीवर परत मिळू शकतो. गुणांची चिंता असल्यास पुढचा प्रश्न वाचावा.

१४. गुण कसे द्यावेत? लेख टिकला तर पूर्ण गुण, अशी आमची पद्धत आहे.

ही पद्धत बदलावी अशी आमची कळकळीची विनंती आहे. लेख टिकणे विद्यार्थ्याच्या हातात नसते, आणि टिकण्यावर गुण अवलंबून असले की विद्यार्थी इतर संपादकांशी भांडू लागतो. गुण कामाला द्यावेत : स्रोतांची निवड, मजकूर व स्रोत यांचा मेळ, भाषेची निष्पक्षता, आक्षेपांना दिलेली उत्तरे, आणि शेवटी विद्यार्थ्याने लिहिलेले एक पानाचे टिपण. उलटवलेले कामही इतिहासात कायम दिसते, म्हणून सादर करताना लेखाचा नव्हे, तर विशिष्ट आवृत्तीचा शाश्वत दुवा घ्यावा.

कार्यक्रमांसाठीच्या विकिमीडियाच्या डॅशबोर्डवर प्रत्येकाची संपादने एका ठिकाणी पाहता येतात, परंतु तेथील आकड्यांना गुण समजू नये. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि रोमन अक्षर एकच, त्यामुळे तोच मजकूर मराठीत ‘मोठा’ दिसतो. शिवाय तीन ओळींचा एक नेमका परिच्छेद लिहिण्याआधी विद्यार्थिनीने ग्रंथालयात घालवलेली दुपार कोणत्याही आकड्यात उतरत नाही.

गटकार्यात प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून स्वतःचाच विभाग लिहावा, म्हणजे कोणी काय केले ते इतिहासातून कळते. दोघांनी एकाच वेळी तेच पान उघडून बदल केले, तर नंतर जतन करणाऱ्याला अडथळा येतो. म्हणून विभागवार संपादन करावे आणि मजकूर आधी स्वतःकडे जतन करून ठेवावा.

१५. छायाचित्रे कोठून घ्यावीत?

स्वतः काढावीत. गूगलवर सापडलेले किंवा व्हॉट्सॲपवर आलेले छायाचित्र चालत नाही, मग ते कितीही जुने वाटो. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या पुतळ्याचे व इमारतीचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करता येते. चौकातील भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ही सवलत नाही. संग्रहालयातील नियम वेगळे असू शकतात, ते तेथे विचारावेत.

१६. आमच्या संस्थेच्या संस्थापकांवर विद्यार्थ्यांनी लेख लिहावा, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे.

हे काम विद्यार्थ्यांना देऊ नये. संस्थेच्या हिताशी बांधलेल्या माणसाकडून संस्थेविषयी निष्पक्ष लेखन होणे कठीण असते, आणि येथे तर गुण देणाराच त्या संस्थेचा असतो. विद्यार्थ्याला नाही म्हणता येत नाही. संस्थापकांवर स्वतंत्र लेखकांनी लिहिलेली चरित्रे असतील, तर चर्चा पानावर ती सुचवावीत आणि लेखन इतरांवर सोपवावे. आजी प्राचार्य, प्राध्यापक आणि त्यांची पुस्तके यांनाही हेच लागू आहे. हे व्यवस्थापनाला सांगणे शिक्षकाला जड जाते, याची आम्हाला जाणीव आहे. हवे असल्यास हे उत्तर त्यांना दाखवावे.

१७. वादग्रस्त ऐतिहासिक व्यक्ती किंवा चालू राजकारण हे विषय देता येतील का?

पदवीच्या वर्गाला देऊ नयेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला गेला. गुणांसाठी लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला अशा ठिकाणी उभे करण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही. अशा लेखांची बरीच पाने सुरक्षित केलेली असल्याने नवख्या खात्याला तेथे लिहिताही येत नाही. विषयात खरोखर रस असलेल्या विद्यार्थ्याने त्या काळातील किल्ले, नाणी, कागदपत्रे अशा लेखांपासून सुरुवात करावी. हयात व्यक्तींबद्दलचे प्रत्येक विधान भक्कम संदर्भासहच लिहावे आणि संदर्भ नसल्यास अजिबात लिहू नये.

१८. मी मराठी विकिपीडियाचा नियमित संपादक आहे. एका दुपारी तीस नवी खाती एकसारखे लेख टाकू लागली. मी काय करावे?

जानेवारीतील मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या आसपास हे हमखास घडते. ती बहुधा एकाच व्यक्तीची खाती नसून एका वर्गाची असतात, म्हणून खाती रोखण्याआधी दोन-तीन चर्चा पानांवर विचारावे : “तुम्ही वर्गकार्य म्हणून लिहीत आहात का? तुमच्या शिक्षकांचे सदस्यनाव काय?” शिक्षक सापडले, की तीस जणांशी बोलण्याऐवजी एकाशी बोलणे पुरते. उतरवलेला मजकूर मात्र लगेच काढावा, त्यात सवलत नको. आणि काढताना सारांशात कारण मराठीत, पूर्ण वाक्यात लिहावे, कारण नवख्या मुलाला आद्याक्षरांची सांकेतिक भाषा कळत नाही.

शिक्षकांनीही आपल्या सदस्य पानावर अभ्यासक्रम, कालावधी आणि लेखांची यादी आधीच लिहून चावडीवर कळवावे. तेवढ्याने हा प्रसंग टळतो.

१९. काही विद्यार्थ्यांना लेख लिहिणे जमतच नाही. त्यांना दुसरे काम देता येईल का?

मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या सहप्रकल्पावर प्रताधिकारमुक्त जुन्या ग्रंथांची पाने मूळ प्रतिमेशी ताडून शुद्ध करण्याचे काम आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांना ते विशेष मानवते, कारण जुने शुद्धलेखन, अनुस्वार आणि छपाईच्या खुणा त्यातून डोळ्यांना ओळखीच्या होतात. लेखांना संदर्भ जोडणे, मृत दुवे बदलणे आणि स्वतः काढलेली छायाचित्रे चढवणे हीदेखील पूर्ण श्रेयांकाची कामे मानावीत.

२०. निकाल लागल्यावर माझा मजकूर आणि खाते काढून टाकता येईल का?

नाही. ‘बदल प्रकाशित करा’ ही कळ दाबताना तुम्ही मजकूर मुक्त परवान्याखाली देता आणि ती परवानगी परत घेता येत नाही. खातेही वगळता येत नाही, कारण प्रत्येक संपादनाचे श्रेय त्याच्याशी जोडलेले असते. सदस्यनाव बदलून घेण्याची विनंती मात्र करता येते आणि खरे नाव वापरलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही तो मार्ग सुचवतो. चुकून फोन नंबर किंवा पत्ता लिहिला गेला असेल, तर तो जाहीर पानावर न सांगता प्रचालकांना ईमेलने कळवावे, म्हणजे ती आवृत्ती इतिहासातूनही लपवता येते. हे सगळे विद्यार्थ्यांना खाते काढण्यापूर्वी सांगितलेले असावे, आणि ज्याला जाहीर लिहायचे नाही त्याच्यासाठी तितक्याच गुणांचे दुसरे काम तयार असावे.